लाइटनिंगने बिटकॉइन पाठवायचे, पण जपून

बिटकॉइनच्या साखळीवर (ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची सामायिक नोंदवही) साधारण दर 10 मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, तयार होतो आणि सेकंदाला जेमतेम सात व्यवहार मावतात. गर्दी झाली की फी चढते, आणि छोट्या रकमेला तो मार्ग परवडेनासा होतो. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांच्या 2016 च्या शोधनिबंधातलं लाइटनिंग नेटवर्क यावरचा तोडगा आहे. साखळीवर दोघांच्या सह्यांच्या कुलपात एकदाच पैसे ठेवायचे, मग आपापसांत हवे तितके व्यवहार करायचे आणि शेवटची शिल्लक तेवढी साखळीवर नोंदवायची. या जोडणीला चॅनेल म्हणतात.

आधी वॉलेट, म्हणजे बिटकॉइन सांभाळणारं ॲप, निवडा. किल्ल्या (पैसे खर्च करायला लागणारे गुप्त संकेत) कंपनीकडे असतील तर सगळं सोपं, पण पैसे तिच्या शब्दावर. किरकोळ रकमेला ते चालेल. पुढचं सारं किल्ल्या स्वतःकडे ठेवणाऱ्यांसाठी.

फी उतरलेली असताना चॅनेल उघडा. अनेक लहान चॅनेलांपेक्षा एखादं मोठं बरं, कारण उघडताना आणि बंद करताना दोन्ही वेळा साखळीची फी पडते. नवखे अडखळतात ते पुढे: तुम्ही उघडलेल्या चॅनेलमधली रक्कम सुरुवातीला तुमच्याच बाजूला असते. त्यामुळे पाठवता येतं, घेता येत नाही. थोडं खर्च केलंत की तेवढी जागा होते.

पैसे देताना समोरच्याकडून इनव्हॉइस, म्हणजे पैशांच्या मागणीचा मजकूर, घ्या. ती 'एलएनबीसी' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होते, एकदाच वापरायची असते आणि तिला मुदत असते. व्यवहार लटकला तर घाईने दुसरी इनव्हॉइस मागून भरू नका. पहिलाही पोहोचला तर दुप्पट गेले. वॉलेट 'अयशस्वी' म्हणेपर्यंत थांबा.

आता बॅकअप. साध्या वॉलेटची सवय इथे अंगाशी येते. प्रत्येक व्यवहारानंतर आधीचा हिशेब रद्द होतो. तो रद्द हिशेब तुमच्याकडून साखळीवर गेला, अगदी चुकून, तरी समोरचा दंड म्हणून चॅनेलमधली सगळी रक्कम उचलू शकतो. म्हणून नोडच्या (तुमची चॅनेल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) डेटाबेसची जुनी प्रत कधीच परत चालवू नका. वॉलेटने दिलेल्या, कागदावर लिहून ठेवलेल्या 12 किंवा 24 शब्दांतून साखळीवरचे पैसे परत येतात. चॅनेलमधल्यांसाठी बहुतेकदा वेगळी बॅकअप फाइल लागते. ती दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि नवं चॅनेल उघडलं की ताजी करा. (काही वॉलेटं हे स्वतःच करतात. सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.)

हाच दंड तुमचंही रक्षण करतो, पण समोरच्याची लबाडी मुदतीत पकडली तरच. मुदत ब्लॉकांत मोजतात. 144 ब्लॉक म्हणजे सुमारे एक दिवस. नोड बराच काळ बंद राहणार असेल तर वॉचटॉवर, म्हणजे तुमच्या वतीने पाळत ठेवणारी सेवा, जोडून ठेवा.

चॅनेल शक्यतो दोघांच्या संमतीनेच बंद करा. एकतर्फी बंद करणं हे समोरचा प्रतिसादच देत नसेल तेव्हाचं हत्यार: फी बहुधा जास्त पडते आणि ती मुदत सरेपर्यंत तुमचे पैसे अडकून राहतात.