मॅग्नेटिक स्टिरर वापरताना या चुका टाळा

मॅग्नेटिक स्टिररच्या प्लेटखाली मॅग्नेट फिरतं आणि त्याच्या ओढीने द्रावणात टाकलेला छोटा मॅग्नेटचा बार फिरून द्रावण ढवळतो. स्टिरर चालू केला आणि बार गोल फिरायच्या ऐवजी तळाशी खडखड उड्या मारायला लागला की बरेच जण स्पीड अजून वाढवतात. तिथेच चुकतं. खालचं मॅग्नेट आधीच इतक्या जोरात फिरतंय की बारला त्याच्या मागे धावणं जमत नाहीये, म्हणून पकड सुटलीये. स्पीड शून्यावर आणा, बार मध्यावर येऊन शांत होऊ द्या, मग हळूहळू वाढवा. तरी सुटतोय? मग भांडं प्लेटच्या मधोमध आहे का बघा, तळ खूप जाड आहे का, ऑइल बाथमुळे (तापवलेल्या तेलाचं भांडं, ज्यात फ्लास्क बुडवतात) बार मॅग्नेटपासून लांब गेलाय का, आणि बाथचं भांडं मॅग्नेट चिकटेल अशा स्टीलचं तर नाही ना. राउंड बॉटम फ्लास्कमध्ये सरळ बार टाकू नका, अंड्याच्या आकाराचा मिळतो तो घ्या. द्रावण मधासारखं घट्ट असेल तर सरळ ओव्हरहेड स्टिरर (वरून मोटरने दांडा फिरवणारा) लावा, इथे हट्ट करून काही होत नाही.

आता हीटिंगवाला स्टिरर, आणि माझ्या मते खरी काळजी इथेच घ्यायची.

बऱ्याच मॉडेलवर हीट आणि स्पीडचे नॉब शेजारी शेजारी असतात आणि घाईत चुकीचा फिरतो. म्हणून ज्वलनशील सॉल्व्हंट नुसतंच ढवळायचं असेल तर हीटर नसलेला स्टिररच घ्या. ईथरची वाफ साधारण १६० अंश सेल्सिअसला ठिणगी नसतानाही पेटते आणि प्लेट तर ३०० च्या वर सहज जाते!! डिस्प्लेवर ८० दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, तो आकडा प्रोबचा (द्रावणात बुडवलेल्या तापमापकाचा) असेल तर प्लेट त्यापेक्षा कितीतरी गरम असू शकते. प्रोब द्रावणातून बाहेर सरकला तर अजूनच वाईट, कारण तो हवेचं तापमान वाचत राहतो आणि मशीनला वाटतं अजून तापवायचंय. प्रोब क्लॅम्पला बांधा, आणि सेफ्टी लिमिटचा (प्लेट ठरावीक तापमानापुढे जाऊ न देणारा) वेगळा स्क्रू असेल तर तो आधी सेट करा.

गरम करताना बार थांबलेला दिसला तर लगेच पुन्हा फिरवू नका. उकळीच्या पुढे तापलेलं द्रावण एकदम उसळून अंगावर येतं. हीट बंद करा, थंड होऊ द्या, मग फिरवा. घट्ट बंद भांडं किंवा जाड काचेचा व्हॅक्यूम फ्लास्क प्लेटवर ठेवूच नका.

बारचं टेफ्लॉन साधारण २६० अंशांपर्यंत टिकतं, पण सोडियम, लिथियमसारखे धातू त्याला काळं करतात, तिथे काचेचं कोटिंग असलेला बार लागतो. चरे पडलेला बार टाकून द्या, त्यात आधीच्या रिअ‍ॅक्शनचा कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) अडकून राहतो आणि मग पुढचा रिझल्ट का बदलला हे शोधत बसावं लागतं.

आणि पेसमेकर असलेल्या सहकाऱ्याला चालू स्टिररजवळ काम देऊ नका, आतलं मॅग्नेट चांगलंच जोरदार असतं.