देशपांडे कोणते, रघुजी कितवे? नावाचा घोळ असा निस्तरा

शाळेचा प्रोजेक्ट असो, मंडळाची क्विझ असो नाहीतर कार्यक्रमाचा फ्लेक्स, एकाच नावाची दोन-तीन मोठी माणसं निघाली की लोकं गूगलवर पहिलं जे दिसलं ते उचलून मोकळे होऊन राहिले. असं नका करू भाऊ.

सगळ्यात आधी वडिलांचं नाव बघा, निम्मं काम तिथंच होते. पुरुषोत्तम देशपांडे म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पु. ल., पण नागपूरकरांनी तरी जरा थांबावं, कारण आपल्या नागपुरातले पुरुषोत्तम देशपांडे म्हणजे पु. य., यशवंतरावांचे, कादंबरीकार. पु. ल. लक्ष्मणरावांचे, मुंबईत जन्मलेले. बरं दोघंही लेखक अन् दोघांनाही साहित्य अकादमी, पु. यं.ना १९६२ ला, पु. लं.ना १९६५ ला, त्यामुळे पुरस्काराचं नाव टाकून सर्च केलं तरी घोळ मिटत नाही, उलट वाढते. वर्ष टाका. आणि नुसतं 'पु.' बघून तर काहीच ठरवू नका, पु. भा. म्हणजे भावे, पु. शि. म्हणजे रेगे, आडनाव येईपर्यंत वाचा ना बाप्पा.

गावावरून ओळखतो म्हणाल तर तेही सांभाळून. मूर्तिजापूरचे देशपांडे कोण? एक गायक डॉ. वसंतराव, जन्म १९२०, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्याच नावाचं. दुसरे कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, जन्म १९०१. गाव तेच, आडनाव तेच, म्हणून इथं काम बघायचं, गाणं की कविता. आणि आडनाव न लावता नुसतं 'वसंतराव' लिहाल तर अर्धे लोक पुसदचे नाईक समजतील, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते ते.

राजे लोकांचं मात्र काहून एवढं अवघड असते, तर आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. नागपूरकर भोसल्यांत रघुजी तीन. तिथं आडनावाचा काही उपयोग नाही, मृत्यूचं साल पाठ करा: १७५५, १८१६, १८५३. बंगालवर स्वाऱ्या केल्या ते पहिले. १८०३ मध्ये इंग्रजांशी लढाई हरून देवगावचा तह करावा लागला ते दुसरे. तिसरे हे दुसऱ्यांच्या मुलीचा मुलगा, दत्तक घेतलेले, अन् ते वारसाशिवाय गेले म्हणून डलहौसीनं राज्य खालसा केलं. मजकुरात बंगाल दिसलं की पहिले, डलहौसी दिसला की तिसरे, दुसऱ्यांचाच घोळ जास्त होतो म्हणून तिथं साल दोनदा तपासा.

फोटोचं पण बघा. फोटोग्राफी १८३९ मध्ये जगासमोर आली, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या रघुजींचा 'ओरिजनल फोटो' म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो सरळ डिलीट करा, त्यांचं असलं तर चित्रच असणार. छापायला देताना नावाखाली 'रघुजी भोसले (दुसरे), मृत्यू १८१६' असं पूर्ण लिहून द्या, डीटीपीवाल्यावर सोडू नका.