सोसायटीची नोटीस सोप्या मराठीत कशी आणावी

जिन्यात लावलेली ही नोटीस घ्या:

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, दि. १२/०५/२०२६ रोजी पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणाने सदर दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येईल, तरी आवश्यक ती दक्षता घ्यावी.’

पहिल्या फेरीत ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. आता सुधारलेली वेलांटी पुढे त्या वाक्यासकटच जाणार असते. आधी तीन प्रश्न विचारा: काय होणार, केव्हा, आणि वाचणाऱ्याने काय करायचे? या नोटिशीत तिसऱ्याचे उत्तरच नाही. ‘आवश्यक ती दक्षता’ म्हणजे पाणी भरून ठेवणे, हे ज्याने त्याने ओळखायचे. असे रिकामे शब्द सापडले की लिहिणाऱ्याला विचारा, अंदाजाने भरू नका.

दुसरी फेरी वाक्यांची. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून लांब वाक्यात मुद्दा कळेपर्यंत सुरुवात विसरायला होते. ‘असल्याकारणाने’, ‘तरी’ इथे वाक्य तोडा. ‘साफसफाईचे काम हाती घेणे’ म्हणजे ‘टाकी धुणे’. ‘सदर’, ‘उपरोक्त’ काढा. ‘करण्यात येईल’ दिसले की कर्ता शोधा. टाकी कोण धुणार याने फारसा फरक पडत नाही. पण ‘दंड आकारण्यात येईल’ असे असेल, तर कोण आणि किती हे लिहायलाच हवे.

लिहिणाऱ्याला विचारून घेतल्यावर आता मजकूर असा होतो:

‘मंगळवार, १२ मे २०२६ रोजी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पाणी येणार नाही. टाकी धुवायची आहे. सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.’

सोपे म्हणजे प्रत्येक औपचारिक शब्द हटवणे नव्हे. थकबाकी, सभासद, वारस हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, ते राहू द्या. मोबाइलचा ‘भ्रमणध्वनी’ मात्र करू नका. सगळ्यात जपायचे ते नियमाचे वजन: ‘भरावे लागेल’चे ‘भरू शकता’ झाले, तर अर्थच उलटतो. ‘१५ तारखेपर्यंत’ यात १५ तारीख धरली आहे की नाही, यावरून हमखास वाद होतो. ‘१५ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत’ लिहा.

शुद्धलेखन शेवटी. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: की, पाणी, टाकी. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ऱ्हस्व. दिवस आणि तारीख जुळते का, हे कॅलेंडर उघडून पाहा.

लावण्याआधी नवीन भाडेकरूला वाचायला द्या. ‘समजले का?’ विचारलेत तर तो हो म्हणेल. ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारा. उत्तरात ‘सोमवारी रात्री’ आले नाही, तर शेवटचे वाक्य पहिले करा.