प्रपोजल उडालं? 'का' विचारू नका, कागद मागा

पाषाणला चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहा, एनसीएल नाहीतर आयसर या संशोधन संस्थांमधला एक तरी जण भेटेल ज्याचं संशोधनाला निधी मागणारं प्रपोजल नुकतंच उडालंय. माझंही उडालं होतं, आठ महिने खपून लिहिलेलं, आणि उत्तर काय तर एक ओळ, शिफारस झाली नाही. मी तावातावाने माहिती अधिकारात अर्ज ठोकला, "माझं प्रपोजल का नाकारलं?" महिन्याने उत्तर आलं की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. राग आला पण चूक माझीच होती. नाकारण्याचं कारण फायलीत लिहिलेलं असेल तर मिळतं, नसेल तर तुमच्यासाठी बसून कोणी लिहून देणार नाही. सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय, आणि त्याच केसमध्ये मुलांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्कही मिळाला, म्हणजे आपल्यासाठी रस्ता तिथेच आहे बघा.

तर मागायचं असं: अमुक क्रमांकाच्या माझ्या प्रपोजलवरचे सगळ्या रिव्ह्यूअरचे (म्हणजे प्रपोजल तपासणाऱ्या तज्ज्ञांचे) शेरे, दिलेले मार्क, ज्या मीटिंगमध्ये ते चर्चेला आलं तिचं इतिवृत्त, आणि कोणी सदस्य ओळखीचा अर्ज आला म्हणून बाहेर बसला असेल तर ती नोंद. सगळ्यांच्या प्रती. "निवड पारदर्शक होती का" असलं काही लिहूच नका. रिव्ह्यूअरची नावं पण मागू नका, त्या एका मुद्द्यावरून अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं, त्यापेक्षा आपणच लिहायचं की माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 प्रमाणे नावं झाकून बाकीचं द्या. माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही.

त्याआधी निधी देणाऱ्या संस्थेची वेबसाइट नीट बघा. कलम 4 मध्ये संस्थेने स्वतःहून जाहीर करायच्या माहितीची सतरा कलमी यादी आहे, मंजूर प्रोजेक्टची लिस्ट बऱ्याचदा तिथेच सापडते.

आता पुणेकर हमखास फसतात ती जागा. आपल्याला सवय महापालिकेची आणि कलेक्टर ऑफिसची, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की काम झालं, पण केंद्राच्या संस्थेला तो चालत नाही, तिथे 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा डीडी, नाहीतर सरळ केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर अर्ज करून ऑनलाइन पैसे भरा (मी आता तेच करतो, पोस्टातल्या रांगेपेक्षा बरं). राज्यात 150 शब्दांची मर्यादा आणि एकच विषय, केंद्रात 500 शब्द. प्रतींना पानाला 2 रुपये. फाइल बघायला गेलात तर पहिला तास फुकट, पण संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, दिल्लीत, तेव्हा प्रतीच मागवा. आधी निधी देणाऱ्या जुन्या एसईआरबी या मंडळाकडच्या प्रपोजलचा अर्जही आता तिकडेच टाकायचा, 2023 च्या कायद्याने ते मंडळ त्यात विलीन झालंय. चुकून भलत्याच ऑफिसला गेला तरी घाबरू नका, त्यांनी 5 दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकारच समजायचा आणि पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाकायचं, केंद्रात त्याला फी नाही. तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोग, पण तिथे तारीख लागेपर्यंत तुमचं पुढचं प्रपोजल लिहून होईल.

माझ्या दुसऱ्या अर्जाला सात पानं आली, 14 रुपये. दोन रिव्ह्यूअरनी बरं म्हटलं होतं, तिसऱ्याने लिहिलं होतं की बजेटमध्ये इन्क्युबेटर दोनदा मांडलाय. लॅपटॉप उघडून बघितलं तर मांडला होता की खरंच.