डुप्लेक्सला तडे जातात तेव्हा: या चुका टाळा

३१६ हे नेहमीचं स्टेनलेस स्टील गरम क्लोराइडमध्ये (म्हणजे खारट पाण्यात) तडकतं, २२०५ हे डुप्लेक्स स्टेनलेस टिकतं. म्हणून डुप्लेक्स बसवलं की काळजी मिटली, असं धरून चालणारे बरेच आहेत. पण डुप्लेक्समध्ये दोन स्फटिकरचना असतात, साधारण निम्मा भाग फेराइट आणि उरलेला ऑस्टेनाइट, आणि फेराइटला हायड्रोजन सोसत नाही.

समुद्रतळावरच्या तेल-वायूच्या पाइपलाइनमध्ये नेमकं हेच विसरलं जातं. तिथे कार्बन स्टीलचा गंज थांबवायला, स्वतः आधी झिजणारे, अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड लावतात. त्यांना जोडलेलं डुप्लेक्सही उणे एक व्होल्टच्या खाली ओढलं जातं, मग त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होऊन आत शिरतो. गंजाचा मागमूस नाही आणि भाग मात्र फुटलेला! १९९६ साली स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला फॉइनाव्हन तेलक्षेत्रात सुपर डुप्लेक्सचे (जास्त मिश्रधातू असलेलं डुप्लेक्स) हब, म्हणजे पाइप जोडणारे भाग, असेच तडकले. जाड फोर्जिंगमधली (ठोकून घडवलेल्या भागातली) भरड रचना आणि जास्त ताण, दोन्ही तिथे एकत्र आले होते. डीएनव्ही या प्रमाणन संस्थेची आरपी-एफ११२ ही मार्गदर्शिका याच दुखण्यासाठी आहे. ऑस्टेनाइटच्या कणांमधलं अंतर ३० मायक्रॉनच्या आत असेल तर ती रचना बारीक धरते. एमटीसीवर (मालासोबतच्या चाचणी-प्रमाणपत्रावर) रसायन आणि स्ट्रेंग्थ दिसते, हे अंतर सहसा दिसत नाही, ऑर्डरमध्येच मागा. ‘वरून पेंट आहे ना’ हे उत्तर चालणार नाही. पेंट खरचटतोच.

तेल-वायूत येणारा हायड्रोजन सल्फाइडही या स्टीलला तडकवतो; त्याच्या बाबतीत लोक पीपीएम (दहा लाखांतले भाग) बघून निर्णय घेतात. एमआर०१७५ या मानकातली मर्यादा अंशदाबाची (एकूण दाबातल्या त्या वायूच्या वाट्याची) आहे: साध्या डुप्लेक्सला १० किलोपास्कल, प्रेन (मिश्रधातूंवरून काढलेला गंजरोधाचा आकडा) ४० च्या वरच्याला २०. वायूत १००० पीपीएम असेल तर १०० बारला साध्या डुप्लेक्सची मर्यादा गाठलीच. चाचणीही फक्त खोलीच्या तापमानाला उरकू नका, क्लोराइडसोबत या स्टीलला ८० ते १०० अंश सेल्सिअस जास्त घातक.

वेल्डिंगमध्ये चूक दोन्हीकडून होते. फिलरशिवाय (जोडधातू न घालता) पटकन टिग वेल्डिंग मारली की फेराइट वाढतं. सावकाश, तापवत गेलात तर सिग्मा फेज ही ठिसूळ रचना येते, विशेषतः सुपर डुप्लेक्समध्ये. इंटरपास (दोन थरांमधलं) तापमान २२०५ ला १५० आणि सुपरला १०० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. कार्बन स्टीलच्या सवयीने ६०० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह (ताण काढायला तापवणं) करणारेही भेटतात. त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

तडा सापडलाच तर आधी ग्राइंडर उचलू नका, पुरावा जातो. तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली बघा. फेराइटमधून गेलेला आणि ऑस्टेनाइटपाशी अडलेला किंवा वळलेला तडा हायड्रोजनकडे बोट दाखवतो. गरम पाइपवर, ओल्या इन्शुलेशनखाली बाहेरून फांद्या फुटलेला तडा असेल तर आधी क्लोराइडवर संशय घ्या. फेराइटची टक्केवारी हीट-अफेक्टेड झोनमध्येही (वेल्डलगतच्या, उष्णतेने बदललेल्या पट्ट्यात) मोजा. फेराइट मोजणारा फेराइटस्कोप नुसता वेल्डच्या टोपीवर ठेवून काढलेल्या आकड्याने तिथलं काही कळत नाही.