चीज बोर्ड मांडायचाय? मग आधी चीज फ्रीजबाहेर काढा

गेल्या रविवारी आमच्याकडे आठ जण जेवायला होते आणि सुरुवातीला नेहमीसारखी भजी न तळता मी चीज बोर्ड मांडला, म्हणजे एका पाटावर दोनतीन प्रकारची चीज आणि बाजूला फळं, क्रॅकर्स, सुकामेवा, तर नंतर दोघीतिघींनी फोन करून विचारलं की काय काय ठेवलंस, कुठून आणलंस, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चीज गारेगार वाढायचं नाही. थंडीने त्यातली चरबी घट्ट होते, वास दबतो आणि चांगलं महागाचं ब्री (पांढऱ्या सालीचं मऊ चीज) सुद्धा नुसतं गुळगुळीत लागतं. पहिल्यांदा मी फ्रीजमधून काढून तसंच समोर ठेवलं होतं, पाहुण्यांनी एकेक तुकडा खाल्ला आणि पुढे कुणी हात लावला नाही. तेच उरलेलं चीज रात्री आवरताना तोंडात टाकलं तर काय सुंदर लागत होतं! परदेशी रेसिप्यांमध्ये तासभर आधी काढा असं असतं पण ते त्यांच्याकडच्या थंड खोल्यांसाठी, पुण्यात एप्रिलमध्ये तासभर ठेवलं तर चेडरला तेल सुटतं. मी थंडीत पाऊण तास आणि उन्हाळ्यात वीस मिनिटं आधी काढते, वरून बटर पेपर टाकून ठेवते म्हणजे कडा वाळत नाहीत. ब्री झालंय का हे बोटाने कळतं, पिकलेला हापूस जसा अलगद दबतो तसं मधोमध दबायला हवं.

किती आणायचं? नंतर जेवण असेल तर माणशी 50 ग्रॅम पुष्कळ झालं, म्हणजे आठ जणांना 400 ग्रॅम. आणि प्रकार तीनच, खरंच तीनच घ्या, सहा प्रकारांचे चिमूटभर तुकडे ठेवले की कशाचीच चव लक्षात राहत नाही. एक मऊ, एक मधलं, एक कडक. मऊमध्ये ब्री किंवा कॅमेम्बर्ट, मधलं म्हणून गौडा (हॉलंडमधल्या ज्या गावावरून हे नाव पडलं तिथले लोक त्याचा उच्चार साधारण 'खाउदा' असा करतात), आणि कडक म्हणून मुरवलेलं चेडर. ब्लू चीज (निळसर बुरशीच्या रेघा असलेलं, उग्र वासाचं) चौथं, पण खाणारं कुणी आहे हे माहीत असेल तरच, आणि त्याला सुरी वेगळी द्यायची कारण त्याचा वास सगळ्यांना लागतो. सगळं इम्पोर्टेडच हवं असंही नाही, आपल्या पुण्यातल्या एबीसी फार्म्सचं चीज आहे, ऑरोविलमधल्या ला फर्मचं आहे, कोडाईकनालला आणि कालिम्पोंगलाही चीज बनतं, तिकडे कुणी जाणार असेल तर आवर्जून मागवा.

आता एक गोष्ट जी आपल्या घरांत फार महत्त्वाची आहे आणि कुणी सांगत नाही. बरीचशी पारंपरिक युरोपियन चीज दूध विरजवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात, खरं इटालियन पार्मिजानो रेज्जानो तर त्याशिवाय होतच नाही. शाकाहारी पाहुणे येणार असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या, सुदैवाने भारतात बनणारं बरंचसं चीज मायक्रोबियल, म्हणजे प्राण्यांऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेल्या, रेनेटचं असतं. कुणाच्या श्रद्धेचा प्रश्न असतो, त्यांना न सांगता खाऊ घालणं मला अजिबात पटत नाही. तसंच कुणी गरोदर असेल तर ब्री, कॅमेम्बर्ट आणि ब्लू तिला देऊ नका, लिस्टेरिया या जंतूंचा धोका असतो, चेडर चालतं.

कापताना ब्रीचं गोल असेल तर केकसारखं मधून कडेपर्यंत कापायचं, म्हणजे प्रत्येकाला आतला लुसलुशीत भागही मिळतो आणि कडाही. वरची पांढरी साल खायची असते, गौडाचं लाल मेण मात्र काढून टाकायचं, हे पाहुण्यांना आधीच सांगा नाहीतर बिचारे संकोचाने तेही चावतात. चेडर एकसारखं चिरत बसू नका, सुरीचं टोक खुपसून ढलपे काढा, तुटलेल्या खरखरीत कडेला चव जास्त लागते.

बाजूला काय ठेवायचं यात मला खरी मजा येते. क्रॅकर्स असतातच पण एकदा सोलापूरची कडक भाकरी तोडून ठेवून बघा, ज्वारीची ती खमंग चव आणि त्यावर मऊ ब्री, माझ्या सासूबाई ज्या चीज म्हटलं की नाक मुरडायच्या त्यांनी तीन तुकडे खाल्ले. चेडरबरोबर साखरांबा, ब्लूबरोबर मध आणि अक्रोड, गौडाबरोबर पुरंदरचे अंजीर नाहीतर नाशिकची द्राक्षं, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. आपलं तिखट लोणचं नको, ते चीजला पार झाकून टाकतं. फळं धुऊन अगदी कोरडी करा, आणि पावसाळ्यात भाकरी-क्रॅकर्स शेवटच्या क्षणी डब्यातून काढा कारण दहा मिनिटांत सादळतात.

बोर्ड वेगळा विकत घ्यायची गरज नाही, मी लाकडी पोळपाट वापरते, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेला. आधी तिन्ही चीज लांब लांब ठेवायची, मग साखरांब्याची वाटी, मग फळं आणि शेवटी राहिलेल्या फटींत बदाम-अक्रोड.

उरलेलं चीज प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की त्याला ओल सुटून वास येतो, त्यामुळे बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. आमच्याकडे चेडरचे उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गरम थालीपिठावर किसून संपतात.