झेनॉन हेडलाइट बसवताना: बल्बाआधी वायरिंग बघा

किट बसवला, पहिल्या रात्री उजेड बघून मन भरलं आणि आठवड्याभरात डावा दिवा लुकलुकायला लागला. अशा वेळी सगळा राग बॅलास्टवर, म्हणजे बल्बला हवं तेवढं व्होल्टेज पुरवणाऱ्या डबीवर निघतो. मीही तेच केलं होतं. बॅलास्ट बदलला, बल्ब डावे-उजवे करून बघितले, लुकलुक काही जाईना. शेवटी सापडलं काय, तर अर्थचा स्क्रू पत्र्यावरच्या रंगावरच आवळलेला. तेवढी जागा सँडपेपरने घासून चकचकीत केली, स्क्रू परत बसवला, दिवा स्थिर. तेव्हापासून झेनॉनचं काम मी वायरिंगपासून सुरू करतो.

त्याचं कारण बल्बाच्या स्वभावात आहे. हॅलोजनमध्ये फिलामेंट असतं. व्होल्टेज थोडं पडलं तर दिवा पिवळट होतो, पण जळत राहतो. झेनॉनमध्ये फिलामेंटच नाही. साधारण 4 मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पेटते आणि तीच उजेड देते. ती पेटवायला बॅलास्ट क्षणभर 20 हजारांहून जास्त व्होल्ट देतो. नंतर डी2एस (झेनॉन बल्बचा एक प्रकार) बल्ब सुमारे 85 व्होल्टवर चालतो. एकदा तापला की 35 वॉटचा दिवा तीन-साडेतीन अँपिअर घेतो, म्हणजे 55 वॉटच्या हॅलोजनपेक्षा कमीच. घोळ होतो तो पहिल्या काही सेकंदांत. तेव्हा तो याच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढतो. गाडीची मूळ तार बारीक, स्विचचे पॉइंट जुने. व्होल्टेज नेमकं तेव्हाच कोसळतं, बॅलास्ट बंद पडतो, व्होल्टेज सावरतं, बॅलास्ट पुन्हा प्रयत्न करतो. बाहेरून आपल्याला दिसते ती लुकलुक.

खरेदीआधी

हेडलाइटचा डबा कुठल्या जातीचा आहे ते बघा. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन घातला की उजेड वाट्टेल तिकडे उधळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. अनेक देशांत असा बदल बेकायदा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत तर 2000 लुमेनपेक्षा जास्त प्रकाश देणाऱ्या लो बीमसाठी आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सांगितले आहेत. आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या. माझं मत विचाराल तर प्रोजेक्टर (भिंगातून उजेड टाकणारा दिवा) नसेल तर या भानगडीत पडू नका. झेनॉनसाठीच बनवलेला प्रोजेक्टर असलेलं पूर्ण हेडलाइट बसवा, नाहीतर हॅलोजनच चांगल्या वायरिंगवर चालवा.

बल्ब 4300 केल्विनचा घ्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). 6000 आणि त्यापुढचे निळसर दिसतात, ऐटबाज वाटतात, पण रस्त्यावर पडणारा उजेड कमी होतो. पावसात तर फरक लगेच कळतो.

वायरिंग

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. बॅलास्टला करंट गाडीच्या जुन्या कपलरमधून द्यायचा नाही. रिले हार्नेस वापरायचा, म्हणजे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावलेला तयार तारांचा संच. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड तार, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबरची पिन. 87 वरून दोन्ही बॅलास्टना फीड. तार 2.5 चौरस मिलिमीटरची असेल तर फ्यूज 20 अँपिअरचा. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालायचा नाही, तार वितळेल. 85 आणि 86 या कॉइलच्या पिना हेडलाइटच्या जुन्या कपलरच्या दोन टोकांना जोडा. त्यातली एक थेट बॉडीला द्यायचा मोह होतो, पण काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थ तोडतो. तिथे तो जुगाड चालत नाही.

प्रत्येक बॅलास्टचा अर्थ वेगळा, उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून घट्ट. वर थोडं ग्रीस, गंज धरू नये म्हणून. बॅलास्ट इंजिनच्या उष्णतेपासून आणि पाण्यापासून लांब, धातूच्या पट्टीवर, तारा खालच्या बाजूने निघतील असा बसवा. बॅलास्ट ते बल्ब ही तार हाय व्होल्टेजची आहे. ती कापायची नाही, जोड देऊन वाढवायची नाही, आणि दिवा चालू असताना तिला हात लावायचा नाही. बल्बाच्या काचेलाही बोट लागू देऊ नका. हेडलाइटचं मागचं रबरी झाकण पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर आत दमट वाफ धरते.

नव्या गाड्यांची कटकट

डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ असा इशारा आला तर घाबरू नका. गाडी बल्बाचा करंट मोजते. तो अपेक्षेपेक्षा कमी दिसला की ती बल्ब गेलाय असं समजते, काही वेळा सप्लायही तोडते. अशा गाडीसाठी कॅनबस बॅलास्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला चालणारा) किंवा लोड रेझिस्टर (जास्तीचा करंट खाणारा रोध) लागतो. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. तो धातूवर बसवा, प्लॅस्टिक आणि तारांपासून दूर. काही गाड्या दिव्याला अखंड करंट न देता तुकड्यातुकड्यांत देतात, त्यामुळे रिले कटकट वाजत राहतो. त्याला डायोड आणि कपॅसिटर असलेला हार्नेस मिळतो. दिवसाचा दिवा म्हणून लो बीम मंद चालत असेल तर ती सोय बंदच करा. अर्ध्या व्होल्टेजवर बॅलास्ट तग धरत नाही.

तपासणी

बॅटरीचं टर्मिनल परत जोडा, इंजिन चालू करा, मग दिवे लावा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बॅलास्टच्या पॉझिटिव्हवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी सैल जोड आहे. निगेटिव्हच्या बाजूनेही असंच मोजा. माझ्या त्या स्क्रूने इथे पहिल्या मिनिटात चाडी खाल्ली असती.

मग सपाट जागी, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. टायरमधली हवा बरोबर असू द्या. लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. नसेल तर हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून आणा.

आठवड्याने बॉनेट उघडून दिवे पंधरा मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि फ्यूज होल्डर व बॅटरीकडचं थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) चाचपून बघा. गरम लागलं तर ते थिंबल कापून नवीन दाबून घ्या.